फोटोबंदी आणि भुरका

हॉटेलवाल्यांनी जेवणाचे फोटो काढायला बंदी घालावी की नाही, असं मला कुणी विचारलं तर मी हल्ली सरळ विषय बदलतो. थंडीचं बोलतो, माझ्या मणक्याचं बोलतो. कारण या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंनी मी लढलोय आणि दोन्ही बाजूंनी तोंडावर आपटलोय. मी नगरपालिकेच्या पर्यावरण खात्यात, गोंगाटाच्या तक्रारी बघणाऱ्या टेबलावर बसतो. आजवर माझा आवाज शेजारच्या टेबलालाही कधी गेलेला नाही. तरीही खात्यात माझ्या नावापुढे एक शेरा बसलाय, तो या फोटोबंदीपायी. तेव्हा निदान तुम्ही तरी शांतपणे ऐकून घ्या.

त्सुबोया हे माझ्या सासरेबुवांचं दुकान. कुट्टूच्या पिठाच्या शेवया, म्हणजे सोबा, करण्यात त्यांची हयात गेली. आमच्या नागानोच्या डोंगराळ भागात सोब्याची दुकानं गल्लीगल्लीत आहेत, पण सासरेबुवांच्या मते सोबा एकाच ठिकाणी मिळतो, बाकीचे लोक दोऱ्या उकळतात. त्यांचे नियम दोनच. वाडगा समोर आला की लगेच खायचा, कारण रश्शात पडल्या पडल्या शेवया फुगायला लागतात. आणि खाताना भुरका मारायचा, चांगला दणकून, म्हणजे कुट्टूचा वास नाकापर्यंत पोचतो. ते स्वतः आत भट्टीपाशी असतात. बाहेरचं त्यांना दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. भुरक्यावरून गिऱ्हाईक खूश आहे की नाही ते ओळखतात. उगाच तोंडदेखलं कौतुक करणारं गिऱ्हाईक त्यांना चालत नाही. मुकाट्याने खाणारं त्याहून चालत नाही.

मी मुकाट्याने खातो. लग्नाच्या बोलणीत मी त्यांच्यासमोर एक वाडगा सोबा आवाज न करता संपवला होता. "मुलगा आजारी आहे का?" असं त्यांनी माझ्या आईलाच विचारलं होतं. असो.

गेल्या पानगळीत, नव्या कुट्टूचं पीठ आलं त्याच आठवड्यात, दुकानात एक मुलगी आली. तिने कोळंबीच्या भज्याचा सोबा मागवला. वाडगा समोर आल्यावर तिने फोन काढला आणि वाफ नीट दिसेना म्हणून वाडगा खिडकीपाशी नेला. तिथे उजेड जास्त झाला म्हणून परत आणला. कोळंबी उभी केली, आडवी केली, पुन्हा उभी केली. मग बूट काढून खुर्चीवर चढली. आत सासरेबुवा भुरक्याची वाट बघत कान लावून बसलेले. शेवटी त्यांना राहवेना. ते बाहेर आले, फुगलेला वाडगा उचलून घेऊन गेले आणि ताजा आणून ठेवला. मुलगी म्हणाली, "अय्या, हा तर आणखी छान दिसतोय!" आणि पुन्हा खुर्चीवर चढली.

त्या रात्री सासरेबुवा आमच्याकडे जेवायला आले तेच जाहीर करत.

"चिहारू, मी ठरवलंय. यंदा वर्षअखेरीच्या रात्रीचा सोबा लोकांना घातला की दुकानाच्या दारावरचा पडदा उतरवायचा. कायमचा."

"बाबा, एका मुलीसाठी?"

"एकच आहे होय? रोज तेच. परवा एक नवरा बायकोला म्हणत होता, थांब, आधी फोनला खाऊ दे! फोनला! अगं, मी सोबा करतो, नवरी नाही सजवत!"

चिहारू, म्हणजे माझी बायको, त्यांना वाढत राहिली. ते गेल्यावर मात्र ती भांडी घासताना रडली. "आई गेल्यापासून ते त्या पोळपाटापाशीच उभे आहेत हो," ती म्हणाली. "लाटणं सुटलं हातातलं तर वर्षभरात संपतील बाबा." मलाही वाईट वाटलं, मनापासून वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, दुकान बंद झालं तर ते आमच्याकडेच राहायला येणार आणि तिन्ही त्रिकाळ माझं जेवण ऐकणार, हेही डोळ्यांपुढे आलं. मी ताडकन म्हणालो, "आपण फोटोबंदी करू."

सरकारी माणसाने उत्साहाच्या भरात कधीही काही सुचवू नये.

पहिलं काम बोर्डाचं. मी लिहिलं, 'फोटो काढू नयेत.' चिहारू म्हणाली, हे काय, दारात कुत्रं बांधल्यासारखं! मग मी जरा सौम्य केलं. 'आपल्या आनंदात व्यत्यय आणताना आम्हाला अत्यंत संकोच होत असून, आपण मोठ्या मनाने समजून घ्याल या आशेवर विसंबून' इथपर्यंत आलो तेव्हा बोर्ड संपला आणि फोटोचा विषय निघालाच नाही. समोरच्या केशकर्तनालयाचे कुसाकाबे रोज दुपारी त्सुबोयात जेवतात आणि सल्ला फुकट देतात. ते म्हणाले, "एक वाकलेला माणूस काढा बोर्डावर. आपल्याकडे वाकलेला माणूस दिसला की लोक निम्मं तिथेच ऐकतात." मी काढला. तो पोट दुखत असल्यासारखा दिसायला लागला. सोब्याच्या दुकानात पोट धरलेल्या माणसाचं चित्र लावणं बरं नव्हे, म्हणून तेही फाडलं.

शेवटी भिंतीला भिंत लागून सुलेखनाचा वर्ग चालवणाऱ्या शिबाझाकी बाईंना साकडं घातलं. बाईंनी आंघोळ करून, दार लावून घेऊन, एका दमात बोर्ड लिहून दिला. इतका सुंदर की वाचता येईना. एका पाहुण्याला तो आजचा खास पदार्थ वाटला आणि त्याने दोन प्लेट मागवल्या. बाकीचे सगळे बोर्डाचा फोटो काढायला लागले. सासरेबुवांनी आतून आवाज दिला, "जावईबापू, बंदी भलतीच जोरात चाललीय हो तुमची!" मग मी ऑफिसातून छापील चिन्ह आणलं, कॅमेऱ्यावर तांबडी काट मारलेलं, आणि बाईंच्या बोर्डाखाली डकवलं. बाई त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसरं काम अंमलबजावणीचं. पण ते सोपं होतं, कारण आपल्या जपानात मोबाइलचा कॅमेरा मुका करता येत नाही. फोटो काढला की तो 'खचाक' करून ओरडणारच. लोकांनी चोरून भलते फोटो काढू नयेत म्हणून फोनवाल्यांनीच ही सोय करून ठेवलीय. आणि सासरेबुवांच्या कानांबद्दल मी सांगितलंच आहे. खचाक झालं की ते आतून येत, त्या गिऱ्हाइकासमोर कमरेतून वाकत आणि वाकलेलेच राहत. एक अक्षर बोलत नसत. वयाने एवढा मोठा माणूस आपल्यापुढे वाकून उभा आहे आणि सरळ होत नाही, हे कुणाला सोसवतं? माणसं घाईघाईने फोटो पुसत, स्वतः वाकत, काही जण तर दाराबाहेर जाईपर्यंत वाकलेलेच असत. चार दिवसांत खचाक बंद झालं. मी ऑफिसात जरा ताठ मानेने बसायला लागलो.

आणि मग तो चमत्कार झाला.

एका रविवारी सासरेबुवा भट्टीवरून ओरडले, "जावईबापू, ऐकताय ना?" मी ऐकलं. बाहेर भुरके चालले होते. साधेसुधे नव्हे, गल्ली दणाणून सोडणारे. हे कोपऱ्यातल्या टेबलावरून सुर्रर्र, ते खिडकीतून फुर्रर्र. तेही कोण, तर कॉलेजातली मुलं! या पिढीला चारचौघांत भुरका मारायची लाज वाटते, एकेक शेवई उंदरासारखी कुरतडत बसतात, ही सासरेबुवांची जुनी तक्रार. आता तीच मुलं त्यांच्या आजोबांना लाजवतील असे भुरके मारत होती.

"बघा! हातातला फोन गेला आणि तोंडात चव आली!" सासरेबुवा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. वाफेने असं ते म्हणाले.

त्या दिवसापासून माणूस बदलला. पहाटे गुणगुणत पीठ मळायला लागला. नवी सुरी आणली. सासूबाईंनी दिलेला निळा रुमाल बऱ्याच दिवसांनी डोक्याला बांधला. पडदा उतरवायचं नाव नाही. उलट पुढच्या वर्षी कुट्टू कुठल्या शेतातून घ्यायचा याच्या गोष्टी सुरू झाल्या. चिहारूने मला आवडतात म्हणून वांग्याची भजी केली, आणि बंदीची कल्पना माझी होती हे माहेरच्या सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगितलं. लग्नानंतर माझ्याबद्दल तिथे काही चांगलं बोललं गेल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

पुढच्या रविवारी गर्दी झाली म्हणून मी वाडगे पोचवायला उभा राहिलो, आणि मला खरा प्रकार दिसला. दोन मैत्रिणी बसल्या होत्या. एकीने फोन रोखला. दुसरीने मान हलवून विचारलं, तयार? पहिलीने मान हलवली. दुसरीने घास उचलला आणि छत हादरेल असा भुरका मारला. त्या भुरक्याच्या पोटात, अगदी बारीक, खचाक. मग दोघींनी जागा बदलल्या. मी सभोवार पाहिलं. सगळ्या दुकानात हेच चाललं होतं! एक भुरकतोय, एक काढतोय.

मी घरी येऊन चिहारूला सांगितलं. ती जागीच बसली. मग उठली, माझ्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "बाबांना यातलं एक अक्षर कळलं ना, तर तुम्ही आणि तुमची वांगी!"

"अगं, पण ही फसवणूक आहे."

"असू दे. पोळपाटावर गुणगुणतायत ना? मग असू दे."

तेव्हापासून माझी झोप उडाली. सासरेबुवा भुरके ऐकून आनंदाने डोलत आणि मी तो आनंद बघून घामाघूम होई. त्यात इंटरनेटवर बातमी फुटली की अमक्या गावात बंदी असलेला सोबा आहे, पकडले न जाता फोटो काढून दाखवा. झालं! लांबलांबून लोक यायला लागले. एकट्याने येणाऱ्यांची मात्र पंचाईत होई. भुरका मारावा तर फोटो कोण काढणार? आणि दोन्ही एकदम करावं तर फोटोत नुसती स्वतःची हनुवटी येते. त्यांच्या मदतीला आमचे कुसाकाबे धावून आले. ते शेजारच्या टेबलावर सरकून बसत आणि एका कोळंबीच्या बोलीवर भुरका मारून देत. दुपारभरात त्यांच्या पोटात इतक्या कोळंब्या जात की संध्याकाळी त्यांना कात्री धरवत नसे.

"कुसाकाबे, तुम्हाला लाज नाही वाटत?" मी एकदा विचारलं.

"मला कशाची लाज? मी खरोखर खातो आणि खरोखर भुरकतो. फोटो कोण काढतं ते मी बघतच नाही," ते म्हणाले आणि मिशीवरचा रस्सा पुसला.

अखेर व्हायचं तेच झालं. डिसेंबर लागला आणि शिबाझाकी बाई नगरपालिकेत आल्या, नेमक्या माझ्याच टेबलावर. त्यांच्या हातात विद्यार्थ्यांचे कागद होते. 'शांती' या अर्थाचं अक्षर रेखाटताना ऐन शेवटच्या फराट्याला भिंतीपलीकडून भुरका यायचा आणि सगळ्या वर्गाचे हात एकदम उडायचे. वीस मुलांच्या वीस शांत्या एकाच जागी मोडल्या होत्या.

"बाई, हे आपसात मिटवता येईल," मी हळूच म्हणालो.

"तुम्ही माझ्या बोर्डाखाली ते छापील चिठोरं डकवलंत, तेव्हा आपसात विचारलं होतं?" बाई म्हणाल्या.

मी नुमाजिरी साहेबांकडे गेलो. ते आमचे खातेप्रमुख. म्हटलं, साहेब, दुकान माझ्या सासऱ्यांचं आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा. साहेब म्हणाले, त्या भागाचं काम तुमच्याकडे आहे, ते बदलायचं तर वरून मंजुरी हवी, आणि मंजुरी यायला एप्रिल उजाडेल. "पण काळजी नको, देखरेखीला मी स्वतः येतो," असं म्हणून ते हसले. आमचे साहेब कधी हसत नाहीत. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शनिवारी दुपारी आम्ही आवाज मोजायचं यंत्र घेऊन त्सुबोयात गेलो. दुकान गच्च भरलेलं. यंत्र तिकाटण्यावर लावलं, मी काट्याकडे नजर लावून बसलो. भुरके जोरात होते, पण काटा मर्यादेच्या आत होता. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात साहेबांचा कोळंबीचा सोबा आला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून फोन काढला आणि घसा खाकरला.

"कोमियामा, आमच्या मंडळींनी फोटो मागितलाय. त्यांच्या सगळ्या मैत्रिणींकडे आहे म्हणे."

"साहेब, कुसाकाबेंना सांगू का?"

"बाहेरच्या माणसाला कशाला मध्ये घ्यायचं? मी तीन म्हटलं की तुम्ही सुरू करा."

आता वरिष्ठांना नाही कसं म्हणणार? पण उभ्या जन्मात मी भुरका मारलेला नाही. माझ्या घशाला तो रस्ताच माहीत नव्हता. साहेबांनी हळूच एक, दोन म्हटलं. मी भलामोठा घास उचलला. तीन म्हणताच मी डोळे मिटून सगळ्या ताकदीने ओढलं. शेवया तोंडात गेल्याच नाहीत, सरळ नाकात चढल्या. माझ्यातून जो आवाज निघाला तो कुठल्या प्राण्याचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काटा शेवटच्या टोकाला जाऊन आपटला. मग मी खोकत सुटलो, आणि दचकून अख्ख्या दुकानाने भुरकणं थांबवलं.

पण बोटं थांबली नव्हती. जो तो दुसऱ्याच्या भुरक्यावर विसंबून बसलेला. त्या चिडीचूप शांततेत चारी बाजूंनी आवाज आला, खचाक, खचाक, खचाक, खचाक. शेवटचा नुमाजिरी साहेबांचा होता.

आतला पडदा सरला आणि सासरेबुवा बाहेर आले. सगळे फोन हातात धरून पुतळे झालेले. सासरेबुवा बघत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "ते भुरके..."

माझ्या नाकातून अजून शेवई लोंबत होती. मी मान खाली घातली. त्यांनी कुसाकाबेंकडे पाहिलं. कुसाकाबेंनी अर्धी कोळंबी बशीत ठेवली आणि तेही खाली बघायला लागले.

सासरेबुवांना राग आला असता तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "काढा. काढा बाबांनो, हवे तेवढे फोटो काढा." खुर्चीवर चढून त्यांनी स्वतःच्या हाताने बोर्ड उतरवला. रुमाल सोडून घडी केला आणि आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी पीठ मळताना ते गुणगुणले नाहीत, असं चिहारूने मला सांगितलं. त्यानंतर बरेच दिवस तिने मला काही सांगितलंच नाही.

नगरपालिकेचा अहवाल आला तो असा, की दुकानाचा आवाज मर्यादेत आहे. मर्यादा ओलांडली ती तपासणीला गेलेल्या कर्मचाऱ्याने. साहेबांनी मला समोर उभं करून समज दिली. त्यांच्या पाठीमागे, कपाटावर, सोब्याचा फोटो लावलेला होता. चांगला आला होता.

बंदी उठली आणि त्सुबोयात सामसूम झाली. गर्दी तशीच होती, नुसता आवाज गेला. आता लपवायचं काही नव्हतं, मग भुरकायचं कशाला? लोक येत, मनसोक्त खचाक खचाक करत आणि फुगलेल्या शेवया निमूटपणे खाऊन जात. भिंतीपलीकडे सरळ शांत्या निघायला लागल्या. आत सासरेबुवा लाटणं हातात धरून नुसते उभे राहायचे, कान बाहेर. एकदा मी आत गेलो तर पाणी उकळून उकळून निम्मं झालेलं, त्यांना पत्ता नव्हता. मी तसाच बाहेर आलो. मला फार अपराधी वाटत होतं.

वर्षअखेर दोन दिवसांवर आली. दारावरचा पडदा उतरवायला शिडी लागेल म्हणून चिहारूने मला पाठवलं. मी शिडी घेऊन दुकानात गेलो. सासरेबुवा बोर्ड मांडीवर घेऊन बसले होते आणि ओल्या फडक्याने पुसत होते.

"आणलीत शिडी? बरं झालं. हा परत लावा."

मला काही समजेना. "बाबा, पण लोक पाळत नाहीत हो बंदी. ते भुरके खोटे होते."

"ते मला कळतं. मी म्हातारा झालोय, खुळा नाही झालो." त्यांनी बोर्ड माझ्या हातात दिला. "जावईबापू, भुरका खोटा असेल. पण तो मारायला तोंडात गरम सोबा तर घ्यावाच लागतो ना? बंदी होती तेव्हा दोघांतला एक तरी गरम खात होता."

"मग फोटो काढताना कुणी सापडलं तर?"

"तर काय? मला ऐकूच नाही येणार म्हणजे झालं. वय झालंय माझं."

आणि ते रुमाल बांधून मळलेलं पीठ लाटायला उठले. मी शिडीवर चढलो. खिळा नीट बसतोय का बघत होतो तोच मागून दार सरकलं आणि दोघी मुली आत आल्या. त्यांनी बोर्ड पाहिला, एकमेकींकडे पाहिलं आणि खुशीने कोपऱ्यातलं टेबल धरलं. थोड्याच वेळात पहिला भुरका उठला. त्याच्या आत काय होतं ते मला शिडीवरून स्पष्ट ऐकू आलं. आतमध्ये लाटणं क्षणभर थांबलं, आणि मग पहिल्यापेक्षा जोरात चालू लागलं.